71व्या वर्षी नवा देश: मेसेरर मायलेकांचं प्रकरण

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत बॅले नर्तक पळून गेल्याची बातमी दर काही वर्षांनी यायची. 16 जून 1961ला रुडॉल्फ नुरेयेव पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर, 1970मध्ये नताल्या मकारोवा लंडनमध्ये, 1974मध्ये मिखाईल बारिश्निकोव्ह टोरंटोत. ऑगस्ट 1979मध्ये अलेक्सांद्र गोदुनोव्ह न्यूयॉर्कला राहिला आणि पाठोपाठ सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये लिओनिद आणि व्हॅलेंतिना कोझलोव्ह हे जोडपं. या साऱ्या हकिगतींत सांगणाऱ्याचा जीव पलायनात अडकलेला असतो. कुणी कुणाला हुलकावणी दिली, गाडी कुठे उभी होती, पहारेकरी काय करत होते, हे रंगवून सांगितलं जातं. पुढचं घर, पगार, कागदपत्रं, दुखरे गुडघे यांच्या वाट्याला दोन ओळी येतात.

मेसेरर मायलेकांचं प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते त्या दोन ओळींसाठी. फेब्रुवारी 1980मध्ये टोकियोतल्या अमेरिकी वकिलातीत सुलामिथ मेसेरर आणि त्यांचा मुलगा मिखाईल यांनी आश्रय मागितला. आईचं वय 71, मुलाचं 31. आई रंगमंचावरून उतरल्याला 30 वर्षं झाली होती. मुलगा मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात नाचत होता, पण निव्वळ ज्याच्या नावावर तिकिटं खपावीत, असा तो नव्हता. पश्चिमेतल्या एखाद्या कंपनीने पोस्टरवर छापावा असा चेहरा या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. तरी त्या पिढीतल्या देश सोडलेल्या नर्तकांत ज्यांचं बस्तान सगळ्यात टिकाऊ बसलं, त्यांत मी या दोघांना धरतो. ते कशाच्या जोरावर बसलं, एवढाच इथला प्रश्न.

घराणं

मिखाईलचे आजोबा दंतवैद्य होते. ज्यू कुटुंब, मूळचं विल्निअसचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉस्कोला आलेलं. घरात मुलं पुष्कळ आणि त्यांतली कितीतरी नाटक, सिनेमा, नाच यांच्या नादी लागली. सुलामिथ यांचा मोठा भाऊ असाफ 16व्या वर्षी बॅलेकडे वळला. या कलेत मुलं आठ-दहा वर्षांची असतानाच घेतात, 16 म्हणजे खरं तर दार बंद झाल्यावर येणं. तरी 1921मध्ये तो बोल्शोईत दाखल झाला, मोठा नर्तक झाला आणि पुढे त्याहून मोठा शिक्षक. सुलामिथ 1926 ते 1950 बोल्शोईत नाचल्या. त्याच सुमाराला त्या पोहण्यातही देशाच्या विजेत्या होत्या, 100 मीटर क्रॉलमध्ये, 1927 ते 1930 या वर्षांत. एकाच बाईने दोन्ही करावं हे आजच्या प्रशिक्षकांना सांगून पटणार नाही. बॅलेला लागणारे स्नायू आणि पोहण्याला लागणारे स्नायू यांचं फारसं जमत नाही असं समजलं जातं. त्यांचे पती ग्रिगोरी लेवितिन मोटरसायकलवरून 'मौत का कुआँ' करायचे. मिखाईलचा जन्म 1948चा. भीती या विषयावर त्या घरात काय बोललं जात असेल, याचं मला कुतूहल आहे.

बहीण राखेल मूकपटांची नटी. तिच्या नवऱ्याला 1937मध्ये पकडून नेलं आणि 1938च्या सुरुवातीला गोळ्या घातल्या. मार्च 1938मध्ये तान्ह्या मुलासकट राखेललाही अटक झाली आणि कझाकस्तानातल्या छावणीत रवानगी झाली. मागे दोन मुलं उरली. अशा मुलांना सरकारी अनाथालयात टाकायची पद्धत होती. मोठ्या मुलीला सुलामिथ मावशीने घरी नेलं, तिच्या पाठच्या भावाला असाफ मामाने. ती मुलगी म्हणजे पुढे बोल्शोईची विख्यात नर्तकी झालेली माया प्लिसेत्स्काया. सुलामिथ एवढ्यावर थांबल्या नाहीत. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी बहिणीला छावणीतून चिमकेंत गावी हलवून घेतलं. 1941मध्ये राखेल मॉस्कोला परतली.

हा तपशील इतका लांबवण्याचं कारण आहे. 1980मध्ये 71 वर्षांची बाई परक्या देशाच्या वकिलातीत जाते, याला कुणी म्हातारपणीचा भाबडा धाडसीपणा म्हणेल. पण सरकार नावाच्या गोष्टीशी गाठ कशी पडते, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, किती वेळ गप्प राहायचं, हे त्या तिशीतच शिकून बसल्या होत्या.

जपान

रंगमंच सोडल्यावर सुलामिथ पूर्णवेळ शिकवू लागल्या. 1960मध्ये टोकियोत एक बॅले शाळा उभी राहिली, चायकोव्स्कीच्या नावाची, आणि तिथे सोव्हिएत शिक्षक म्हणून सुलामिथ आणि अलेक्सेय वार्लामोव्ह यांना पाठवण्यात आलं. त्या शाळेच्या पायावर 1964मध्ये टोकियो बॅले ही कंपनी उभी राहिली. पुढे सुलामिथ वरचेवर जपानला जात राहिल्या. तिथली एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखालून गेली.

या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. त्या 'परदेशात' गेल्या 1980मध्ये, पण परदेशात काम करायला शिकल्या त्या आधीच्या 20 वर्षांत, तेही सोव्हिएत सरकारच्या तिकिटावर. वेगळी शरीरं, वेगळी शिस्त, पियानोवादकाला दुभाष्याशिवाय चाल कशी सांगायची, दोन आठवड्यांत एखादा वर्ग रुळावर कसा आणायचा, या साऱ्याचा सराव झालेला होता. नुरेयेव किंवा गोदुनोव्ह यांना परका देश माहीत होता तो दौऱ्यापुरता, म्हणजे हॉटेल, बस आणि थिएटर एवढाच.

निघणं

हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण तो सगळीकडे सापडतो. नर्तकाला दौऱ्यावर पाठवताना घरचं कुणीतरी मायदेशी अडकलेलं असावं, ही सोव्हिएत यंत्रणेची साधी खबरदारी होती. फेब्रुवारी 1980मध्ये ती चुकली. आई शिकवायला टोकियोत होती आणि त्याच वेळी बोल्शोईच्या दौऱ्यावर मुलगाही जपानमध्ये. आईने मुलाला बोलावून घेतलं, तो मुक्काम सोडून आला आणि दोघं वकिलातीत गेले.

दुसरा रस्ता होता. ज्यू कुटुंबांना इस्राएलला जाण्याचा परवाना मागता येत असे. पण त्या रस्त्याची किंमत बॅलेच्या जगाला ठाऊक होती, आणि ती पानोव्ह जोडप्याने मोजली होती. व्हॅलेरी आणि गालिना पानोव्ह हे लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरातले नर्तक. 1972मध्ये त्यांनी अर्ज केला. व्हॅलेरी यांना काढून टाकलं, गालिना यांना खालच्या जागेवर बसवलं, मग त्यांचंही काम गेलं. व्हॅलेरी यांना काही दिवस कोठडी झाली, त्यांनी उपोषण केलं, पश्चिमेत लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला. जून 1974मध्ये दोघांना सोडण्यात आलं. मधली दोन वर्षं त्यांना थिएटरातला रोजचा सरावाचा क्लास नव्हता, तालमीची खोली नव्हती, राहत्या घरात जमेल तेवढा व्यायाम होता. नर्तकाच्या दृष्टीने ही तुरुंगापेक्षा जड शिक्षा आहे. व्हॅलेरी तेव्हा 36 वर्षांचे. त्या वयातली दोन वर्षं मागाहून कसरत करून भरून निघत नाहीत. इस्राएलमध्ये शास्त्रीय बॅलेची कंपनी होती, पण ती 1967मध्ये सुरू झालेली, लहान. पुढे व्हॅलेरी पानोव्ह यांनी बर्लिनमध्ये नृत्यरचना केल्या आणि 1993मध्ये अशदोदला स्वतःची कंपनी काढली. त्यांचंही बस्तान बसलं, पण घडी बसायला फार वर्षं गेली.

मेसेरर मायलेकांनी कायदेशीर वाट न धरण्यामागे पानोव्हांचा अनुभव होता, असा माझा तर्क आहे. त्यांच्या वाटेचा धोका वेगळा होता. परदेशातून परत यायला नकार देणं हा सोव्हिएत रशियाच्या दंडसंहितेच्या कलम 64खाली देशद्रोह होता, शिक्षा 10 ते 15 वर्षं किंवा मृत्युदंड. परतीचं दार त्या दिवशी लागलं.

काय बरोबर नेलं

आधी न्यूयॉर्क, मग रॉयल बॅलेच्या संस्थापक निनेट द व्हॅल्वा यांच्या निमंत्रणावरून लंडन. 1982पासून मिखाईल रॉयल बॅलेत पाहुणे शिक्षक म्हणून शिकवू लागले आणि ते नातं 2009पर्यंत टिकलं. त्यातच पॅरिस ऑपेरा, मिलानचं ला स्काला, मॉन्ते कार्लो, टोकियो बॅले अशी फिरती. सुलामिथ लंडनमध्येच स्थिरावल्या आणि नव्वदीतही शिकवत होत्या. 2000मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला. 2004मध्ये, वयाच्या 95व्या वर्षी, त्या लंडनमध्ये वारल्या.

हे पाहुणे शिक्षकपण म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहिल्याशिवाय या कुटुंबाची भिस्त कशावर होती ते कळत नाही. जगातल्या कोणत्याही बॅले कंपनीचा दिवस क्लासने सुरू होतो. प्रमुख नर्तक असो की कालच भरती झालेली मुलगी, सगळे एका खोलीत भिंतीलगतच्या आडव्या दांडीला, म्हणजे बारला, हात लावून उभे राहतात. व्यायाम ठरलेले: प्लिए, तांद्यू, जेते, रों द जांब, फाँद्यू, फ्रापे, शेवटी ग्राँ बातमाँ. मग बार सोडून मध्यभागी: संथ अदाजिओ, पिरुएत म्हणजे गिरक्या, छोट्या उड्या आणि अगदी शेवटी मोठ्या. सव्वा ते दीड तास. कोपऱ्यात पियानो. क्रम जवळपास सगळीकडे सारखाच. प्रत्येक टप्प्यावर कोणती जोडणी द्यायची, किती वेगाने, कोणत्या पायावर किती भार टाकून, हे मात्र शिक्षकाचं डोकं.

दुसऱ्याच मिनिटाला अवघड काही दिलं तर घोट्याच्या मागची शीर धोक्यात. सगळं सोपं दिलं तर दुपारच्या तालमीला शरीर झोपलेलं. नर्तक याची तक्रार करत नाहीत. ते हळूच 'मार्क' करू लागतात, म्हणजे पाय पूर्ण न उचलता खूण तेवढी करतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत दुसऱ्या शिक्षकाकडे जातात. नव्या शिक्षकाची परीक्षा ती हीच.

असाफ मेसेरर यांचा क्लास याच बाबतीत नावाजलेला होता. त्यात बारवर दिलेली एखादी साधी जोडणी पुढे मध्यभागी वळणात उगवायची, आणि तेच वळण शेवटी मोठ्या उडीची तयारी ठरायचं. दीड तासानंतर नर्तकाला अवघड गोष्ट जमलेली असायची आणि ती कधी जमली याचा पत्ता नसायचा. या क्लासवरूनच त्यांनी एक अख्खी रचना केली, 'क्लास कॉन्सर्ट', जी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आधी ब्रसेल्सला आणि मग बोल्शोईत रंगमंचावर आली. सुलामिथ या पद्धतीच्या सहप्रवासी, मिखाईल तिच्यात वाढलेले. शिवाय 1978मध्ये मिखाईलनी मॉस्कोच्या गितिस या नाट्यसंस्थेतून बॅले शिक्षकाची पदवी घेतलेली होती. म्हणजे निघण्याच्या दोन वर्षं आधी. नाचणारा माणूस तिशीत शिक्षकाचा कागद मिळवतो ते बहुधा म्हातारपणाची तजवीज म्हणून. इथे ती तजवीज भलत्याच देशात आणि भलत्याच लवकर कामाला आली.

नर्तकाची गोष्ट उलटी. त्याला भूमिका लागते, भूमिकेला कंपनी लागते, कंपनीची शैली वेगळी असते. मॉस्कोत मोठ्या उड्या आणि मोकळ्या खांद्यांवर वाढलेल्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार बॅलंशिनची तुटक, वेगवान पावलं घ्यावी लागतात, तेही 30व्या वर्षी, शरीर उतरणीला लागत असताना. गोदुनोव्ह 1982पर्यंत अमेरिकन बॅले थिएटरात होते, मग सिनेमात गेले, 1995मध्ये 45व्या वर्षी वारले. कोझलोव्ह जोडपं न्यूयॉर्क सिटी बॅलेत पोहोचलं, पण त्यांचा संसार टिकला नाही. यात कुणाचा दोष नाही. त्यांच्याजवळ होती ती चीज नाशवंत होती आणि त्यांनी ती तिच्या ऐन भरात बाजारात आणली.

लंडनमध्ये मेसेररांना एक पोषक गोष्ट होती आणि एक अडचणीची. पोषक अशी की बॅलेतल्या पावलांची नावं सगळीकडे फ्रेंचच, त्यामुळे इंग्रजी कच्ची असली तरी क्लास अडत नाही. हाताने पावलं दाखवली, ताल मोजला की निम्मं काम झालं. अडचण अशी की इंग्रजी बॅलेला स्वतःची रीत होती. द व्हॅल्वा स्वतः इटालियन बॅले-गुरू चेक्केट्टींच्या शिष्या, त्यावर इंग्रज नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनच्या रचनांची छाप. नेटकी, जलद पावलं आणि धडाची बारीक वळणं. मॉस्कोची ऐसपैस चाल तिथे थोडी आगाऊ वाटणार. माझ्या मते असाफ यांच्या क्लासची बांधणी इथे उपयोगी पडली. ती शैलीपेक्षा शरीराच्या तयारीवर उभी होती, त्यामुळे इंग्रज नर्तकाला आपलं इंग्रजपण सोडावं न लागता त्यातून हवं ते घेता आलं.

काय मागे राहिलं

राखेल आणि असाफ मॉस्कोतच राहिले. असाफ 1992मध्ये गेले, राखेल 1993मध्ये. ज्या बहिणीला छावणीतून ओढून आणली, तिला 1980मध्ये सोडून निघताना पुन्हा भेट होईल असं मानायला काहीच आधार नव्हता. मायाशीही पुढे मावशीचं नातं नासलं. दोघींच्या आठवणी छापून आलेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोण खरं, यात मी पडत नाही. जिने आईच्या जागी राहून वाढवलं तिच्याशी अढी धरणं हे बाहेरच्याला क्रूर वाटतं, पण त्या घरात उपकार, भीती आणि रंगमंचावरची चढाओढ इतकी गुंतलेली होती की निकाल देणं उगाचच आहे.

नावही मागे राहिलं. परदेशात राहिलेल्या कलावंताचं नाव सोव्हिएत पुस्तकांतून, कार्यक्रमपत्रिकांतून गाळलं जात असे. सुलामिथ यांना स्टालिन पारितोषिक मिळालेलं, रशियाच्या 'लोककलावंत' ही पदवी मिळालेली. अशा माणसालाही एका फेब्रुवारीत कोरा कागद व्हावं लागतं.

परतीचा रस्ता

सोव्हिएत संघ मोडल्यावर कलम 64ची धास्ती संपली. 2007मध्ये मिखाईल मेसेरर यांनी बोल्शोईतच असाफ मामांचा 'क्लास कॉन्सर्ट' पुन्हा उभा केला. 2009मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मिखाईलोव्स्की थिएटरने त्यांना मुख्य बॅले मास्टर नेमलं. तिथे त्यांनी जुनं मॉस्को वळणाचं 'स्वान लेक' बसवलं, मग 2010मध्ये 'लॉरेन्सिया', 2013मध्ये 'फ्लेम्स ऑफ पॅरिस'. ही 1930च्या दशकातली सोव्हिएत बॅले पुढच्या काळात रशियातच बाजूला पडली होती. मिखाईल लहानपणापासून ज्या माणसांत वावरले ती या रचनांच्या काळातली होती आणि लंडनच्या मुक्कामात ते हे विसरले नाहीत. उलट मॉस्कोत राहिले असते तर वर्षानुवर्षं नव्या प्रमुखाच्या आवडीप्रमाणे काम करावं लागलं असतं, आणि जुन्यासाठी कुणी विचारलंच नसतं, असं मला वाटतं. 2010मध्ये ही कंपनी लंडनच्या कलिसियम थिएटरात आली तेव्हा शहर नवं होतं ते तिच्यातल्या तरुण नर्तकांना. त्यांच्या बॅले मास्टरचं घरगुती आयुष्य त्याच शहरात गेलेलं होतं.

हे प्रकरण किती दूर नेता येतं

फार नाही. सुलामिथ यांच्यापाशी 20 वर्षांची जपानी ओळख होती, आडनावाचं वजन होतं, द व्हॅल्वांसारखी बाई बोलावणारी होती. मिखाईल एकटे होते, पदरात लहान मुलं नव्हती. समूहनृत्यात मागच्या रांगेत उभं राहणाऱ्या विशीतल्या मुलीला यातलं काहीच लागू होत नाही. तिच्याकडे शिकवण्याचा कागद नाही आणि शिकवायचं वयही नाही.

ते 2022मध्ये दिसलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तिथले नर्तक युरोपभर पांगले. नेदरलँड्समध्ये हेग शहरातल्या रॉयल कॉन्झर्वेटरीची जुनी इमारत त्यांच्यासाठी उघडली गेली. त्यांची 'युनायटेड युक्रेनियन बॅले' नावाची कंपनी झाली, नृत्यरचनाकार अलेक्सेय रात्मान्स्की यांनी त्यांच्यासाठी 'जिझेल' बसवलं आणि सप्टेंबर 2022मध्ये ते लंडनच्या कलिसियमला झालं. तिथे सोय करणाऱ्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली असं मी म्हणेन. निर्वासितांसाठी आधी खाटा लागतात आणि काम मागाहून बघता येतं, हा नेहमीचा क्रम नर्तकाला चालत नाही. पानोव्हांचं दोन वर्षांत जे झालं ते विशीतल्या मुलीचं सहा महिन्यांत होतं. हेगच्या त्या इमारतीत झोपायच्या खोल्या आणि बार लावलेले स्टुडिओ एकाच छपराखाली होते.